निघालेला दगड कुठे गेला?

जुनी वास्तू कुठलीही असो, आबांचे प्रश्न दोनच. पाणी कुठून आणलं? आणि निघालेला दगड कुठे टाकला? राजा कोण, साल कोणतं, लढाई कुणी मारली, हे ते नंतर ऐकून घेतात, तेही कुणी सांगितलं तर. उभा जन्म त्यांनी दगडात काढला. आधी खाणीवर टाकी-हातोडा, पुढे रस्त्याच्या कामावर मुकादम. आता पंच्याऐंशी ओलांडली, गुडघे बोलतात, एका कानाने कमी ऐकू येतं. पण काठीचं टोक चिऱ्यावर आपटलं की तो चिरा अखंड आहे की आतून तडकलेला, हे ते अजून आवाजावरून सांगतात. अखंड दगड खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला जी डोंगररांग दिसते, तिच्यातच देवगिरीचा किल्ला आहे, खुलताबाद आहे, म्हैसमाळचं पठार आहे आणि वेरूळची लेणीही आहेत. सहलीच्या गाड्या यांचे चार तुकडे करतात. इथे किल्ला बघा, इथे दर्गा आणि मारुती, इथे थंड हवा, इथे लेणी. आबांच्या लेखी तो एकच डोंगर. सगळा डोंगर एका दमात बघायची त्यांची इच्छा फार जुनी होती. गणपती उठल्यावर मी पुण्याहून घरी आले आणि आम्ही शनिवार-रविवार गाठून निघालो.

गाडी करावी असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. आबांनी एसटीच धरली. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आधार कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. कंडक्टरने न मागताच ती बाहेर काढून दाखवली. ज्या रस्त्यांची खडी आपण अंथरली त्या रस्त्यांवरून सरकार आपल्याला फुकट नेतं, यात त्यांना मोठा मान वाटतो, आणि मलाही तो रास्त वाटतो.

छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडलं आणि शरणापूरच्या पुढे देवगिरीचा सुळका समोर आला. पावसाळा नुकता ओसरत होता. डोंगरांच्या अंगावर एकाखाली एक आडवे पट्टे दिसत होते, वरचा काळा, मधला तांबूस, पुन्हा काळा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा एकामागून एक पसरत गेला, त्याचे हे थर. मी पुस्तकातलं सांगत होते. आबांना थर पाठच होते. ते म्हणाले, "तांबडा पट्टा आला की समजायचं, त्याच्या वरून पाणी झिरपणार. विहीर खांदणाराला हे पहिलं शिकवतेत."

देवगिरीला आपण किल्ला म्हणतो, पण ते मुळात शहर होतं, आणि चांगलं नांदतं शहर. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम पाचवा याने इथे राजधानी केली. सिंघण, कृष्ण, महादेव, रामदेवराव अशी ती पुढे चालत राहिली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. १३४० च्या दशकात इब्न बतूता इथे आला, तेव्हाही त्याला हे शहर दिल्लीच्या तोलामोलाचं वाटलं. त्या शहराचा तट अजून उभा आहे. बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट. अंबरकोटाच्या आत आता दौलताबाद गाव आहे, मक्याची आणि कपाशीची शेतं आहेत, सीताफळाच्या बागा आहेत. तटाच्या सावलीला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. आबांनी एक फळ हातात घेतलं, डोळे उघडलेत का बघितलं आणि "परतताना घेऊ" म्हणून ठेवून दिलं. परतताना आम्ही त्या वाटेने येणार नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आल्यावर मागे वळून चार घेतलीच.

महाकोटातून आत गेलं की डाव्या हाताला हत्ती हौद लागतो. आबांचा पहिला मुक्काम तिथे पडला. तळाशी हिरवं पाणी होतं. एवढा मोठा हौद केवळ पावसावर भरत नसणार, हे त्यांनी बघताक्षणी ठरवलं. मोमबत्ता तलाव आणि डोंगरातली इतर तळी, तिथून खापराच्या नळांनी किल्ल्यात आणलेलं पाणी, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. नळ खापराचे म्हटल्यावर ते खूश झाले. "उतार साधला असंल तर खापर पुरतं. लोखंड लागतं कुणाला? ज्याला उतार काढता येत न्हाई त्याला."

शेजारी भारतमातेचं मंदिर आहे. ही वास्तू चौदाव्या शतकात, खिलजींच्या काळात, जामा मशीद म्हणून उभी राहिली, तीही जुन्या मंदिरांचे खांब वापरून. स्वातंत्र्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. खांब तेच. आबा त्या खांबांच्या रांगेतून हात फिरवत गेले. प्रत्येक खांबाची उंची सारखी यावी म्हणून बैठकीत कुठे एक चिरा वाढवलाय, कुठे कमी केलाय, ते मला दाखवत गेले. माझी नजर तोवर कोरीव पानाफुलांवरच होती. पलीकडे चाँदमिनार आकाशात घुसला होता. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाने बांधलेला, दोनशे फुटांहून उंच. त्याला आबांनी मान वर करून एकदा बघितलं आणि पुढे चालू लागले. बांधलेल्या गोष्टींत त्यांना कमी रस आहे. खोदलेल्या गोष्टींत जास्त.

म्हणून त्या दिवशीचा खरा वेळ गेला तो खंदकापाशी. चिनी महाल आला, जिथे गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन तानाशाह कैदेत राहिला. मेंढ्याच्या डोक्याची मोठी तोप आली. मग एकदम पायाखालची जमीन संपते आणि समोर सरळसोट तासलेला कातळ येतो. मधे खोल खंदक, त्यावर एक अरुंद पूल. मूळ डोंगराला उतार होता. तो उतार चहूबाजूंनी तासून काढला, म्हणजे घोरपडीलाही नखं रोवायला जागा उरू नये. वर तट बांधायच्या ऐवजी डोंगरच तट करून टाकला.

पुलाच्या अलीकडे एका चिऱ्यावर आबा बसले. "माय, वर काय हाये ते तू बघून ये. मला इथंच लई बघायचंय."

"एकटे बसाल?"

"एकटा कुठं, एवढे लोक कामाला लागलेले दिसायलेत मला."

मी पुढे अंधारीत शिरले. अंधारी म्हणजे कातळाच्या पोटातून वर नेणारा वळणावळणाचा भुयारी मार्ग. हाताला ओल लागते, वटवाघळांचा उग्र वास येतो, पायरी कुठे उंच, कुठे ठेंगणी, मुद्दाम विषम ठेवलेली. आत शिरलेल्या शत्रूने चाचपडावं, आपल्याच माणसावर वार करावा, अशी रचना. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि शेगडी, धूर आत कोंडायला. इब्न बतूताने इथल्या तळघरातल्या उंदरांबद्दल लिहिलंय, मांजरालाही न आवरणारे. अंधारीत ते वाचल्याची आठवण होऊ नये असं मनापासून वाटलं.

आणि एवढं सगळं करूनही हा किल्ला हातचा गेलाच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन ठेपला. रामदेवरावाची फौज बाहेर होती. गडावर घाईने चढवलेल्या धान्याच्या गोण्या उघडल्या तर त्यांत मीठ निघालं, अशी गोष्ट फेरिश्त्याने नोंदवली आहे. १६३३ मध्ये मोगलांचा महाबतखान वेढा घालून बसला, तेव्हाही मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला अन्न संपल्यामुळेच किल्ला सोडावा लागला. कातळ दोन्ही वेळा जागच्या जागी होता.

सातशेहून जास्त पायऱ्या चढून वर बारादरीत पोचले. वारा कानात भणाणत होता. खाली अंबरकोटाची कडी, तिच्यात हिरवी शेतं, लांबवर शहराच्या नव्या इमारती. बारादरीच्या वाटेवर गणपती आहे आणि वरच्या अंगाला गुहेत जनार्दनस्वामींचं स्थान आहे. जनार्दनस्वामी निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार होते आणि पैठणचा पोरवयातला एकनाथ शिकायला त्यांच्याकडे इथेच येऊन राहिला. गुरूने हिशोबाचं काम दिलं, एका पैची चूक निघेना, एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसला आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळ्या पिटू लागला, ही गोष्ट मराठवाड्यात लहान मुलांना आजही सांगतात. मी ती अनेकदा ऐकली होती. पण ती कुठे घडली असेल याचा विचार, त्या वाऱ्यात उभं राहीपर्यंत, कधी केला नव्हता. राजे, सरदार, तोफा यांच्या या डोंगरावर पोराने पैचा हिशोब लावला, आणि चारशे वर्षांनी लोकांना आठवतो तो तोच.

खाली आले तेव्हा आबांच्या भोवती दोन-तीन माणसं जमली होती. ते काठीने तट आणि खंदक असं आलटून पालटून दाखवत होते. त्यांचं म्हणणं असं, की खंदकाच्या कातळात जे पांढरे बारीक खडे आहेत तेच समोरच्या तटाच्या चिऱ्यांत आहेत. तेव्हा खंदकातून निघालेला दगड लांब कुठे नेलाच नाही, तासून तटाला लावला. "वाहतूक वाचली. बैल वाचले. ज्यानं हे आखलं तो माणूस कामाचा होता." हे कुणा संशोधकाने तपासलंय का, ते मी शोधायला हवं. पण तिथे उभं राहून दोन्ही दगड बघितल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं.

एकनाथाची पै त्यांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "पै म्हणजे काय, कुणाच्या तरी घरचं पीठ ते. मस्टरवर हजेरी चुकली की एका घरी चूल पेटायची न्हाई."

दौलताबादचा घाट चढून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या वेळी आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद बनवायला सुरुवात केली असं मानतात, आणि गावाचं नावच कागदावरून पडलंय. आबांचे जुने सोबती तिथले. रस्त्याच्या टोळीवर दोघं एकत्र होते. मी त्यांना चाचा म्हणते. "आओ मुकादम, पोती को लेको आए क्या" म्हणत त्यांनी आबांचा हात धरून ओट्यावर बसवलं. चाचांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात कागद बनायचा. आता गावात थोडे लोक ते काम करतात. कापडाच्या चिंध्यांचा लगदा हौदात कालवायचा, काड्यांच्या चटईचा साचा त्यात बुडवून आडवा उचलायचा, पाणी निथळलं की ओला कागद उतरवायचा, दाबायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. चाचांनी कोनाड्यातून घोटायचा एक दगड काढला. मुठीत मावेल एवढा, वापरून वापरून काचेसारखा झालेला. आबांनी तो कितीतरी वेळ हातात फिरवला, अंगठ्याने चाचपला, गालाला लावून बघितला. दगड फोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, दगडाने कागद घोटतात हे ते पहिल्यांदा बघत होते.

चहा झाला आणि गोष्ट बहात्तरवर गेली. दोघं एकत्र बसले की ती जातेच.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने अंगावर काढला. आधीच्या वर्षीही पाऊस धड नव्हता. जनावरं गेली, विहिरींचे तळ उघडे पडले. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग आणि मुख्य म्हणजे रस्ते, रस्त्यांसाठी खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे पुस्तकात सापडतं. पुस्तकात न सापडणारं असं, की खुलताबादच्या अलीकडे एका लिंबाखाली माझ्या थोरल्या काकाला झोळीत टाकून आजी खडी फोडत होती. मुकादमाची बायको म्हणून तिला सोपं काम मिळालं नाही. आबांनी तिला दुसऱ्याच टोळीत घातलं होतं, कुणी बोट दाखवू नये म्हणून. डाव्या हातात दगड धरायला तारेचं कडं, उजव्या हातात हातोडी. कपची उडून डोळ्याला लागू नये म्हणून पदर तोंडावरून ओढून घ्यायचा. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोची लाल भाकरी. संध्याकाळी खडीचा ढीग फरमा लावून मोजायचा आणि मग मजुरी.

"तुमची दादी," चाचा मला म्हणाले, "ढीग ऐसा रचती थी, बीच में एक भी जगा खाली नहीं. दुसरे लोगां पोला ढीग रचते, मोजमाप में चालाकी करते. उनो कब्बीच नहीं किए."

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या सचोटीबद्दल घरात कुणी असं कधी बोललं नव्हतं. आबा ओट्याच्या कडेला बोटाने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "भरीव रचायची ती. म्हून तिचा ढीग दिसायला बारका दिसायचा."

रात्री चाचांच्याच घरी राहिलो. त्याआधी, उजेड होता तोवर, खुलताबादेत फिरून आलो. भद्रा मारुतीला शनिवारची गर्दी होती. हा मारुती निजलेला आहे, त्याचं दर्शन उभ्याने वाकून घ्यायचं. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून माणसं रात्रभर चालत इथे येतात. आबाही तरुणपणी यायचे. औरंगजेबाच्या कबरीपाशी आम्ही थोडा वेळ थांबलो. शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, साधी मातीची कबर आहे. १७०७ मध्ये तो नगरजवळ भिंगारला वारला आणि इथे आणून पुरला गेला. संगमरवराची जाळी भोवती नंतर बसली. त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आबांना जायचं होतं मलिक अंबरच्या कबरीकडे. गावाबाहेर, वायव्येला, स्वतःच्या हयातीत बांधून घेतलेला काळ्या दगडाचा घुमट. फारसं कुणी तिकडे वळत नाही. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. आणि वसवताना आधी पाण्याचं बघितलं. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. वर कुठे झरे दिसत नाहीत, ओढा दिसत नाही. जमिनीच्या पोटात झिरपणारं पाणी गाठून, उतार साधत नेलेलं. जागोजागी हवेसाठी आणि दाबासाठी चुनेगच्चीचे मनोरे, त्यांना शहरात बंब म्हणतात. पुढे याच पद्धतीच्या दुसऱ्या नहरीवर पाणचक्की फिरली, अजून फिरते. तरुणपणी आबा मुळं काढायच्या कामावर नहरीत उतरले होते. आत माणूस उभा राहील एवढी उंची. वडाची मुळं दगडाच्या सांध्यातून आत येऊन पाण्यात केसांसारखी पसरलेली. ती कापताना खाली पाण्याचा प्रवाह घोट्याला लागायचा, इतका गार की पाय बधिर व्हायचे.

घुमटापाशी त्यांनी चप्पल काढली, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. "यानं शहराला पाणी पाजलं," एवढंच म्हणाले. शहरात आठवड्यातून किती दिवस नळाला पाणी येतं यावर आमच्या घरात दर उन्हाळ्यात भांडण होतं. जायकवाडीचं धरण भरलेलं असतं तरी होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या नहरी नीट ठेवल्या असत्या तर निदान त्यांच्या वाटेवरच्या मोहल्ल्यांना आधार झाला असता. त्यांच्यावर घरं चढली, बंब ढासळले, आणि ज्यांनी लक्ष द्यायला हवं होतं त्यांना उद्घाटनाची पाटी लावायला नहरीत जागा नसते. मला याचा खरोखर संताप येतो.

रविवारी सकाळी म्हैसमाळला गेलो. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास. ढग इतके खाली, की दूरदर्शनचा मनोरा अर्धाच दिसत होता. गिरिजामातेचं दर्शन घेतलं. चैत्री पौर्णिमेला इथे यात्रा भरते. भाजलेलं कणीस खाल्लं. म्हैसमाळबद्दल यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही, एक गोष्ट सोडून. याच पठारावरून गिरिजा नदी निघते आणि पूर्णेला मिळायला जाते. येळगंगा इथूनच उगम पावते आणि वेरूळच्या लेण्यांवरून उडी मारून खाली उतरते. पठारावर पायाखाली सगळीकडे पाणी झिरपत होतं, गवतातून, मुरमातून, दगडांच्या फटींतून. आबांनी ओंजळभर पिऊन बघितलं. देवगिरीच्या हत्ती हौदापासून जो शोध चालला होता, तो इथे लागला.

वेरूळला पोचेपर्यंत ऊन आलं होतं. कैलासाच्या आवारात पाय ठेवला आणि आबा गप्प झाले. त्यांनी ते आधी बघितलेलं होतं, तरी गप्प झाले. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगराला वरून तीन चर मारले, मधे एक ठोकळा उभा सोडला आणि त्या ठोकळ्यातून शिखरापासून जोत्यापर्यंत अखंड देऊळ काढलं. मागचा कडा शंभर फुटांवर उंच. निघालेला दगड लाखो टनांत मोजावा लागतो. कृष्णानंतर काही पिढ्यांनी दिलेल्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचा उल्लेख आहे. हे मी कसं केलं, असं घडवणाऱ्यालाच वाटलं, असा त्याचा आशय.

कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त याची एक गोष्ट आहे. राणीने नवस केला, की देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. मोठमोठे कारागीर हरले. पैठणच्या कोकसाने सांगितलं, शिखर लगेच दाखवतो, आणि त्याने वरून खाली कोरायला घेतलं. ही गोष्ट मी आबांना सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

"वरून धरलं की परांची बांधावी लागत न्हाई. पायाखालचा दगड हीच परांची. जसजसा खोदशील तसतशी ती खाली जाते. फक्त एक हाये. बांधकामात चिरा चुकला तर काढून दुसरा लावता येतो. इथं वरचा हात चुकला की खालच्यानं काय करावं?"

मग मागच्या कड्यापाशी नेलं. तिथे मूर्ती नाहीत, म्हणून गर्दी नाही. कातळावर टाकीचे घाव जसेच्या तसे आहेत, तिरक्या ओळींत. आबांनी काठी ओळीवर धरली. "हे सगळे एका अंगाला झुकलेले. उजव्या हाताची माणसं." पाच-सात पावलं सरकले, पुन्हा थांबले. "आता हे बघ." तिथे हातभर रुंदीच्या पट्ट्यात घाव उलट्या दिशेने झुकले होते. वरून खाली, डोळा पोचेल तिथपर्यंत. "डावखुरा होता एक." साडेबाराशे वर्षांपूर्वीचा एक डावखुरा माणूस, त्याने आपल्या वाट्याचा पट्टा धरून ठेवला होता. त्याच्या शेजारचे उजवे. कोपर कोपराला लागू नये म्हणून मुकादमाने त्याला कडेला उभं केलं असेल, असं आबा म्हणाले. आम्ही त्याचंच काम बघत किती तरी वेळ उभ्या उभ्या काढला.

"आणि एवढा दगड टाकला कुठं?" मीच विचारलं.

"समोर उताराला भरला असंल. घाटाचा रस्ता केला असंल, बांध घातले असतील, घरं बांधली असतील. गावाला दगड कधी जास्ती होत नसतो माय."

दहाव्या लेण्यात थोडं बसलो. बौद्धांचं चैत्यगृह आहे, पण पूर्वापार त्याला सुताराचं लेणं म्हणतात, विश्वकर्म्याचं. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या काढल्यात. सुतार लोक इथे विश्वकर्मा म्हणून हात जोडायला यायचे. कुणी कुणासाठी घडवलं आणि कुणी येऊन आपलं म्हटलं, याची जुन्या माणसांनी फारशी चौकशी केली नाही. हातकाम करणाऱ्याला आपला देव ओळखता येत असावा.

शेवटी लेण्यांच्या बसने तिसाव्या लेण्याकडे गेलो. छोटा कैलास. मोठ्याच्या धर्तीवर जैनांनी आरंभलेलं आणि अर्धवट सुटलेलं. लोक इथे येऊन निराश होतात. आबांचा चेहरा खुलला. पुरं झालेल्या देवळात काम झाकलं जातं, इथे ते उघडं पडलंय. आधी ढोबळ चौकट, मग कोपरे, मग पोटातला दगड, असं काम कसं पुढे सरकलं हे ते मला दाखवू लागले. जालन्याहून आलेली बारावीतली पोरं फोटो काढत होती, ती हळूहळू जवळ सरकली. एकाने विचारलं, "आजोबा, एक माणूस दिवसाला किती दगड काढत असेल?"

"तू सांग. हातोडी एवढी, टाकी एवढी, दगड हा."

"एक घनफूट?"

"या दगडात? हात फिरव त्यावर आधी."

पोराने हात फिरवला आणि आकडा खाली आणला. दुसऱ्याने मोबाइल काढला. आबा खाणीवरचा स्वतःचा अनुभव सांगू लागले, टाकीला धार किती वेळा लावावी लागते, पाणी द्यायला एक माणूस, राडा उचलायला दोन, दुपारची सुट्टी, पावसाचे महिने वजा. पोरं गुणाकार करत होती, पुन्हा खोडत होती, पुन्हा विचारत होती. रखवालदाराने शिट्टी वाजवली. आमची बस खाली घाटाच्या तोंडाशी उभी होती. आबांनी मला हातानेच थांब म्हणून खूण केली आणि पोरांना म्हणाले, "पावसाळ्याचे चार महिने धरले का? ते काढ आधी."